लिहून देणार

बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकातल्या नोहाच्या गोष्टीत एकच कारण दोनदा येतं आणि दोन्ही वेळा त्यातून निघणारा निर्णय उलटा असतो.

जलप्रलयाच्या आधी परमेश्वर माणसाकडे बघतो. याच्या मनात जे काही येतं ते सदोदित वाईटच, असं त्याला दिसतं. माणूस घडवल्याचा त्याला पस्तावा होतो, जिवाला लागतं, आणि सगळं पुसून टाकायचं तो ठरवतो. हा सहावा अध्याय. मग पाणी येतं, चढतं, ओसरतं. आठव्या अध्यायाच्या शेवटी, पाण्यातून वाचलेला नोहा तारवातून, म्हणजे आपल्या मोठ्या नौकेतून, उतरतो, वेदी बांधतो, होम करतो. परमेश्वर तेव्हा मनाशी म्हणतो की माणसापायी भूमीला पुन्हा शाप देणार नाही, कारण माणसाच्या मनात लहानपणापासून वाईटच असतं.

ज्या कारणासाठी बुडवलं, त्याच कारणासाठी आता बुडवायचं नाही. मधल्या दोन अध्यायांत माणूस रतीभरही सुधारलेला नाही. तारवातून उतरलेला नोहा द्राक्षमळा लावतो, दारू पिऊन तंबूत उघडा पडतो, आणि उठल्यावर नातवाला शाप देतो. सगळ्या प्रलयकथेत नोहाच्या तोंडी आलेले हे पहिले शब्द, आणि तेही शापाचे.

अभ्यासक सांगतात की या कथेत दोन जुन्या परंपरा एकत्र गुंफल्या आहेत. म्हणून एका ठिकाणी प्रत्येक प्राण्याची एक जोडी तारवात जाते, तर दुसरीकडे शुद्ध प्राणी सात-सात. एका हिशेबाने पाऊस चाळीस दिवसांचा, दुसऱ्याने पाण्याचा जोर दीडशे दिवसांचा. पण माणसाच्या मनाबद्दलचे हे दोन्ही उतारे एकाच परंपरेतले मानले जातात. तेव्हा ही जोडकामात राहून गेलेली विसंगती म्हणता येणार नाही. ज्याने कोणी ही कथा रचली, त्याने ती दोन टोकं समजून-उमजून समोरासमोर ठेवली आहेत.

मी ख्रिस्ती नाही, ज्यूही नाही. तालुक्याच्या गावी दिवाणी वकिली करते. खरेदीखत, साठेखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र हे माझं रोजचं काम. जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, मी रात्री, दिवसाचे कागद आवरल्यावर वाचते, आणि वाचताना माझी नजर साहजिकच वकिलाची असते. कोण कोणाला काय लिहून देतंय, मोडलं तर भरपाई कोणी करायची, साक्षीला कोण आहे, हे मी आधी बघते. श्रद्धेने वाचणाऱ्यांना यातलं बरंच आधीपासून माहीत असेल. मला ते या वाटेने दिसलं.

नोहाच्या कथेचं वेगळेपण समजायला ती एकटी वाचून भागत नाही. १८७२ साली ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथने मातीच्या एका फुटक्या पाटीवर प्रलयाची कथा वाचली. मेसोपोटेमियातल्या गिल्गमेश राजाच्या आख्यानातली ती अकरावी पाटी. नौका, डोंगराला लागणं, पक्षी सोडून बघणं, सगळं तिथे आहे. त्याहून जुन्या अत्राहसिसच्या बाबिलोनी कथेत प्रलयाचं कारणही दिलेलं आहे. कालवे खोदायची मेहनत देवांना नकोशी झाली म्हणून माणूस निर्माण केला गेला. माणसं वाढली, त्यांचा गलका वाढला, आणि एन्लिल देवाची झोपमोड होऊ लागली. आधी रोगराई, मग दुष्काळ, शेवटी पाणी. पुन्हा गर्दी होऊ नये म्हणून प्रलयानंतर वांझपण आणि बालमृत्यू यांची सोय करून ठेवली जाते.

इब्री, म्हणजे हिब्रू, कथाकाराने हीच सामग्री घेतली आणि आरोपपत्र बदललं. पृथ्वी हिंसेने भरली होती, असं तो लिहितो. बलवानाने दुर्बळाशी कसं वागायचं, हा प्रश्न त्याने देवाच्या झोपेच्या जागी आणून ठेवला. माझ्या मते न्याय या कल्पनेच्या इतिहासातलं हे फार मोठं पाऊल आहे. गलक्यासाठी मारणारा देव फक्त ताकदवान असतो. हिंसेसाठी शिक्षा करणारा देव मात्र स्वतःही एका मोजपट्टीखाली येतो, कारण ‘तू केलंस ते काय मग?’ असं त्याला विचारता येतं.

आणि हे विचारावंच लागतं. बुडालेल्यांत तान्ही मुलं होती. त्यांनी कसली हिंसा केली होती? या प्रश्नाला कथेत उत्तर नाही, आणि कोणी पोथ्या उलगडून दिलेल्या उत्तराने माझं समाधान झालेलं नाही. एवढं मात्र दिसतं की हा न्याय झाल्यावर न्यायाधीशाने स्वतःच स्वतःवर बंधन घालून घेतलं. पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन, दिवस आणि रात्र थांबणार नाहीत. मग ढगात धनुष्य, म्हणजे इंद्रधनुष्य, ठेवलं गेलं. ती खूण माणसाने बघून काही आठवावं म्हणून असेल, असं आपण गृहीत धरतो. मजकूर नीट वाचला तर धनुष्य बघून आठवण परमेश्वराने ठेवायची आहे. या करारात माणसाने पार पाडायची एकही अट नाही. पशुपक्ष्यांशीसुद्धा तोच करार आहे, त्यांच्याकडून कोण सही घेणार?

पुढे पंधराव्या अध्यायात अब्रामची गोष्ट येते. म्हातारा, निपुत्रिक, परमुलखात तंबू टाकून राहणारा माणूस. हा देश तुला देईन, असं त्याला सांगितलं जातं. तो विचारतो, मला मिळेल हे मी कशावरून समजू? माझ्यासमोर बसलेला कोणताही पक्षकार हेच विचारतो. शब्द आहे, पण कागद?

मग जे घडतं ते अंगावर काटा आणणारं आहे. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा, एक होला आणि एक पारव्याचं पिल्लू आणायला सांगितलं जातं. अब्राम जनावरं मधोमध चिरतो आणि अर्धी अर्ध्यासमोर मांडून ठेवतो. पक्षी तो चिरत नाही. मांसावर गिधाडं उतरतात, तो त्यांना हाकलत राहतो. दिवसभर बहुधा हेच. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते आणि मोठा भयाण काळोख त्याच्यावर पडतो. त्या काळोखात धुराची भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांच्या मधून जाते.

हा विधी त्या काळच्या लोकांना परका नव्हता. सीरियात अलेप्पोच्या जवळ सफीरे इथे इसवी सनापूर्वी आठव्या शतकातले अरामी शिलालेख सापडले आहेत. त्यांत अर्पदचा राजा मतीएल एका बलाढ्य राजाचं मांडलिकत्व पत्करतो. हे वासरू जसं चिरलं तसा करार मोडल्यास मतीएलही चिरला जावो, असं तिथे सरळ कोरलेलं आहे. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातही वासराच्या दोन भागांमधून चालत जाणारे लोक येतात. अर्थ उघड आहे. जो मधून जातो तो म्हणतो, मी शब्द मोडला तर माझी अशी गत होवो. आणि राजेरजवाड्यांच्या तहात हे म्हणणारा बहुधा दुबळा पक्ष असतो.

इथे अब्राम झोपलेला आहे. त्या तुकड्यांमधून तो जात नाही. जाते ती मशाल.

आमच्या दस्तांत दोन बाजू असतात, लिहून देणार आणि लिहून घेणार. हक्कसोडपत्रात लिहून देणारी बहुतेक वेळा बहीण असते. मागे एक बाई आल्या होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. भावांच्या नावावर जमीन करायची होती. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत अंगठ्याच्या यंत्रावर त्यांचा ठसा उमटेना. भांडी घासून, शेण थापून रेषाच राहिल्या नव्हत्या. तिथल्या मुलाने ओल्या फडक्याने अंगठा पुसून पुन्हा पुन्हा टेकवायला लावला. धाकटे भाऊ बाहेर चहा पीत उभे. दस्तात नेहमीचं वाक्य होतंच, की याउपर माझा वा माझ्या वारसांचा कसलाही हक्क राहिलेला नाही, आणि राहिल्याचं दिसल्यास त्याचं निवारण मी पदरखर्चाने करून देईन. सगळा बोजा देणारीवर. कागद कायद्याने चोख होता, मीच तयार केला होता. त्या रात्री हा पंधरावा अध्याय उघडला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इथे जगाची रीत किती मुळातून उलटी केली आहे. ज्याच्या हातात सगळं आहे तोच लिहून देणार झाला आहे. ज्याच्याकडे काही नाही तो लिहून घेणार, आणि त्याला जागं राहण्याचीसुद्धा अट नाही.

लिहून घेणाऱ्याला एक गोष्ट आपोआप मिळते, ती म्हणजे बोलायचा अधिकार. नोहा प्रलयाच्या हुकमावर चकार शब्द काढत नाही. मोजमापं ऐकतो, तारू बांधतो, आत जातो. करार झालेला अब्राहाम (अब्रामचंच हे पुढचं नाव) मात्र सदोम नगरावर नाश येणार म्हटल्यावर वाटेत उभा राहतो. पन्नास नीतिमान असतील तर? पंचेचाळीस? चाळीस? असं करत दहापर्यंत येतो. सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीशच न्याय करणार नाही का, हे त्याचं वाक्य मला कुठल्याही न्यायालयाच्या दारावर कोरावंसं वाटतं. सदोम वाचत नाही, दहाही निघत नाहीत. पण परमेश्वर उठून जात नाही, प्रत्येक आकड्याला उत्तर देतो.

हा अधिकार पुरता वापरला गेला तो पुढच्या, निर्गमच्या पुस्तकात, सीनाय डोंगरावर. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे चाळीस दिवस डोंगरावर आहे, खाली लोकांचा धीर सुटतो. कानांतली सोन्याची कुंडलं गोळा होतात आणि मोशेचा भाऊ अहरोन त्यांचं पूजेसाठी वासरू करून देतो. (नंतर जाब विचारला तर म्हणतो, मी सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. आरोपीच्या पिंजऱ्यातली इतकी जुनी आणि इतकी ओळखीची जबानी दुसरी नसेल.) वर परमेश्वर मोशेला सांगतो की हे ताठ मानेचे लोक आहेत, मला आता अडवू नकोस, मी यांना भस्म करतो आणि तुझ्यापासून मोठं राष्ट्र करतो.

म्हणजे पुन्हा नोहा. पुन्हा सगळे पुसून एका भल्या माणसापासून सुरुवात. मोशेला केवढी मोठी देणगी मिळत होती ते बघा. सगळ्या इस्राएलचा मूळपुरुष व्हायचं होतं, आणि त्याच्या डोक्याला ताप देणारे ते कुरकुरे लोक कायमचे जाणार होते. तो नकार देतो. त्याचा युक्तिवाद मी कितीदा तरी वाचला आहे. लोक निर्दोष आहेत असं तो म्हणत नाही, गुन्हा तर समोर नाचतो आहे. मिसरचे, म्हणजे इजिप्तचे, लोक काय म्हणतील, हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा निर्णायक आहे. अब्राहाम, इसहाक आणि इस्राएल यांची आठवण कर, तू स्वतःची शपथ वाहून त्यांना शब्द दिला आहेस. मोशे जुना दस्त काढून समोर ठेवतो, आणि त्या दस्तात लिहून देणार कोण हे दोघांनाही माहीत आहे. परमेश्वर बेत बदलतो.

यानंतरचं गोड नाही. मोशे खाली येतो, वासरू बघतो, कराराच्या दगडी पाट्या आपटून फोडतो, सोन्याची भुकटी पाण्यात टाकून लोकांना पाजतो. मग लेव्यांना, म्हणजे लेवीच्या कुळातल्या लोकांना, तलवारी घ्यायला लावतो आणि त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसं पडतात. क्षमा मिळवून आणणारा मोशे आणि हा मोशे एकाच अध्यायात आहेत. मला ते एकत्र पचत नाहीत, आणि ते पचावेत अशी मजकुराचीही इच्छा असेल असं वाटत नाही.

पुढच्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, तुमच्याबरोबर मी येणार नाही, तुम्ही ताठ मानेचे आहात, वाटेतच तुमचा नाश करून टाकीन. आणि चौतिसाव्यात, दुसऱ्या पाट्या घेऊन वर गेलेला मोशे लोटांगण घालून म्हणतो, आमच्याबरोबर चल, हे ताठ मानेचे लोक आहेत, आमची क्षमा कर. नोहाच्या वेळी परमेश्वराने मनाशी जे वळण घेतलं, तेच वळण इथे एका माणसाने त्याच्यासमोर मोठ्याने घेतलं आहे. दूर जायचं कारण तेच सोबत यायचं कारण. हे चांगले झाले की ये, असं म्हणत बसलो तर तू कधीच येणार नाहीस.

दुसऱ्या पाट्यांबद्दल एक बारीक तपशील आहे. पहिल्या पाट्या परमेश्वराने स्वतः घडवल्या होत्या. दुसऱ्यांसाठी दगड मोशेला घडवून आणायला लागतो, लिहिणारा मात्र परमेश्वरच. आणि फुटलेल्या पाट्यांचं काय झालं? ज्यू परंपरेत, तालमूद या धर्मग्रंथात, त्याचं उत्तर आहे. अखंड पाट्या आणि फुटके तुकडे दोन्ही कराराच्या कोशात, म्हणजे पवित्र पेटीत, शेजारी शेजारी ठेवले होते. त्यावरूनच तिथे असंही बजावलं आहे की विद्या विसरून गेलेल्या म्हाताऱ्या पंडिताचा मान कमी करू नका. मोडलेला करारही सामानात बांधून चाळीस वर्षं रानातून वाहून न्यायचा! नव्याने सुरुवात म्हणजे पाटी कोरी, या आपल्या समजुतीत हे कुठे बसतं? मी न्यायालयात समेट झालेली भावंडं बघते. तडजोडपत्रावर सह्या होतात, दावा निकाली निघतो, आणि पहिली शिवी, पहिली पोलीस तक्रार, सगळं घरात तसंच असतं. ते वाहून नेण्याची तयारी असलेल्या घरांतच पुढे येणंजाणं टिकलेलं मी पाहिलं आहे.

करारांच्या खुणांविषयी इथे सांगायलाच हवं, कारण त्यातलं एक टोक आपल्या कोकणात आहे. नोहाच्या कराराची खूण आकाशात. अब्राहामाच्या कराराची खूण, सुंता, माणसाच्या देहावर. सीनायच्या कराराची खूण, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आठवड्याच्या दिवसांत. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागलेल्या सात पुरुष आणि सात स्त्रियांपासून आपण झालो, असं बेने इस्राएल लोक परंपरेने सांगतात. त्यांचे ग्रंथ बुडाले, भाषा गेली, गावोगाव ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि मराठी बोलू लागले. राहिलं काय? मुलाची सुंता, खाण्यापिण्यातले काही निर्बंध, ‘शेमा’ ही प्रार्थना, आणि शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. म्हणजे ज्या दोन खुणा माणसाने सांभाळायच्या होत्या त्या दोन्ही, पोथीचं एक पानही हाताशी नसताना, रायगडच्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या गेल्या. बंद घाण्याचा तो शनिवार मला मोठमोठ्या भाष्यांइतकाच मोलाचा वाटतो.

माणसांनी स्वतः लिहून दिलेल्या करारांची गोष्ट मात्र वेगळी आहे. बाबिलोनच्या फौजांनी यरुशलेमला वेढा घातला तेव्हा राजा सिद्कीया आणि सरदारांनी करार केला की आपले इब्री गुलाम मोकळे करायचे. वासरू चिरलं, मधून चालत गेले, गुलाम सोडले. मिसरची फौज येते असं कळून वेढा जरा उठला, तशी सगळ्यांनी आपापली माणसं पुन्हा धरून आणली. यिर्मयाने त्यांना ते वासरूच दाखवलं: तुमची तशी गत होईल.

हाच यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना चुलतभावाकडून अनाथोथचं शेत विकत घेतो. शहर पडणार, हे तो स्वतःच वर्षानुवर्षं ओरडून सांगत होता आणि त्यासाठीच आत होता. तरी सतरा शेकेल चांदी, सुमारे दोनशे ग्रॅम, तराजूत तोलून देतो. साक्षीदारांच्या सह्या होतात. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूखच्या हाती देऊन तो सांगतो की मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकतील. वेढ्यातल्या शहरात एवढी बिनचूक नोंदणी! त्यानंतर लवकरच, इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास, यरुशलेम जळालं. त्या शेतात यिर्मयाने कधी नांगर घातला नाही. पण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, या वचनाखाली त्याने स्वतःचे पैसे घातले होते.

शंभराहून अधिक वर्षांनी, बंदिवासातून परतलेल्यांच्या वंशजांनी, यरुशलेमचा कारभार बघणाऱ्या नहेम्याच्या काळात, लेखी करारनामा केला. त्याआधीच्या लांबलचक प्रार्थनेत अब्राहाम येतो, वासरू येतं, काहीही लपवलेलं नाही. मग नावांची यादी, पहिलं नाव नहेम्याचं. आता लिहून देणार लोक आहेत. परक्यांशी सोयरीक करणार नाही, शब्बाथला माल घेणार नाही, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवू आणि कर्जं सोडू, मंदिराचा आणि लेव्यांचा वाटा चुकवणार नाही. परक्या बायका केलेल्यांवर पुढे आलेली सक्ती मला आजही खुपते. पण गुलाम परत धरणाऱ्यांच्या गावात कर्ज सोडायची अट कागदावर आली, हे थोडं नव्हतं.

नहेम्या मध्यंतरी इराणच्या राजाकडे गेला. परत येऊन बघतो तर लेव्यांना वाटा न मिळाल्याने ते पोटासाठी आपापल्या शेतांवर निघून गेलेले. शब्बाथला द्राक्षं तुडवली जात होती, गाढवांवर धान्य लादलं जात होतं, आणि सोर (टायर) बंदराचे व्यापारी शहरात मासळी विकत होते. त्याने सरदारांना फैलावर घेतलं, लेव्यांना परत बोलावून त्यांचा वाटा सुरू केला, आणि शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी अंधार पडताच वेशी लावून घ्यायला लावल्या. व्यापारी एकदोनदा तटाबाहेर मुक्काम टाकून बसले. पुन्हा बसलात तर हात टाकीन, असं त्याने दटावल्यावर यायचे थांबले. मग त्याने वेशींवर राखणीला लेव्यांनाच उभं केलं, जे थोड्या दिवसांपूर्वी कंटाळून शेतावर गेले होते त्यांनाच.